डावीकडची गोलकीपर

२४ जून

माझ्यावर चाललेल्या अन्यायाची कुठेतरी लेखी नोंद असावी, म्हणून आजपासून ही वही.

सभ्य माणसं गाडीतल्या पुढच्या आरशाला सुवासिक पुठ्ठ्याचं झाड टांगतात. माझ्या व्हॅनमधल्या आरशाला माझ्या मुलीनं गोलकीपरचे ओले हातमोजे टांगलेत. वाळायला. मी विम्याचा पाहणीदार आहे. पूर आलेली तळघरं, कुजलेली छपरं, धुराड्यात मरून पडलेली खार, हे सगळं मी पोटापाण्यासाठी हुंगलेलं आहे. पण विलाच्या हातमोज्यांपुढे ती खार म्हणजे अत्तराची कुपी. वळणावर ते डुलतात आणि एक अंगठा माझ्या गालाला लागतो.

"मागे टाक ते," मी म्हटलं.

"मागे वारा लागत नाही, बाबा. उन्हात ठेवले तर तडकतात आणि ड्रायरमध्ये चिकटतात. सावली आणि वारा, दोन्ही लागतं त्यांना."

"मग मला डिकीत टाक आणि त्यांना इथे बसव. गाडी चालवायला शिकव."

"चालवतीलही. तुझ्यापेक्षा कमी शिव्या देत."

शिव्यांवरून आठवलं. गेल्या महिन्यात क्लबच्या सामन्यात मी रेफरीला त्याच्या दृष्टीबद्दल दोन शब्द सुनावले, तेव्हापासून मला मैदानाच्या कडेला उभं राहायला बंदी आहे. कोलेट म्हणाली, "कर्ट, तुझ्या तोंडात येतं ते सगळं एखाद्या वहीत ओत. वही कार्ड दाखवत नाही." माझी बायको इस्पितळात एक्स-रे काढते. वरवर दिसणाऱ्या गोष्टींवर तिचा विश्वास नाही.

मंगळवार, गुरुवार आणि शनिवारी विलाच्या क्लबच्या सरावासाठी आमचं एल्डन मिल्स ते कोलंबस, जाताना सव्वा तास, येताना सव्वा तास. तीन वर्षं झाली. त्या पेट्रोलमध्ये मी एव्हाना एखादं लहानसं तळं विकत घेतलं असतं.

४ जुलै

स्वातंत्र्यदिनाची मिरवणूक. दरवर्षीप्रमाणे अग्निशमन गाडी, म्हातारे सैनिक, ट्रॅक्टर, आणखी ट्रॅक्टर. गवताच्या गाडीवरून हायस्कूलची मुलींची सॉकर टीम गेली. आमच्या शाळेच्या संघांना 'गिरणीवाले' म्हणतात आणि जर्सीवर पिठाचं पोतं वाहणारा माणूस आहे. प्रतिस्पर्ध्यांच्या छातीत धडकी भरवायला याहून चांगलं काही सुचलं नसावं. गेल्या मोसमात त्या एवढ्या वेळा हरल्या, की मिरवणुकीत त्यांना टाळ्या मिळाल्या त्या सहानुभूतीच्या.

गाडीवरून मुली चॉकलेटं फेकत होत्या. त्यांच्या गोलकीपरनं, मारिसोल किन्तेरोनं, विलाला ओळखून एकदम तीन फेकली. विलानं तिन्ही एका हातानं झेलली. शेजारी ग्रंथालयातल्या मिसेस व्हॉस उभ्या होत्या.

"वा! ही कोण रे, कर्ट? तुमच्याकडे पाहुणी आलीय का?"

"मिसेस व्हॉस, ही विला! आमची!"

"अगं बाई! केवढी झालीस! काही खेळतेस का गं?"

मी पोट धरून हसलो. त्या उकाड्यात पोरीच्या अंगात क्लबचं जाकीट, पाठीवर जेवणाच्या ताटाएवढं चिन्ह, आणि म्हणे खेळतेस का! घरी आल्यावर कोलेटला नक्कल करून दाखवली. विलानं चॉकलेटं खिशातच ठेवली, एकही खाल्लं नाही. ऊन लागलं असेल.

११ जुलै

क्लबची पालकसभा. संचालक डेस्मंड प्राइस मूळचे इंग्लंडचे. तिथे ते काय करत होते हे कोणी विचारत नाही, कारण उच्चार ऐकूनच आमच्याकडची माणसं चेकबुक काढतात. त्यांचा आवडता शब्द 'मार्ग'. सराव हा मार्ग, आहार हा मार्ग, तिमाही फी हाही मार्गच.

आजची बातमी: विलाच्या वयोगटाला देशातल्या वरच्या लीगमध्ये जागा मिळाली. अट एकच. जी मुलगी सही करेल तिनं शाळेकडून खेळायचं नाही. एकही सामना नाही. मुदत एक ऑगस्ट.

मागून एका बाईनं विचारलं, "पण शेवटचं वर्ष आहे त्यांचं. शाळेचा निरोपाचा सामना, मैत्रिणी..."

डेस्मंड हसले. "मॅडम, शाळेचं सॉकर म्हणजे हेल्मेटवाल्यांच्या फुटबॉलचं मैदान, त्यांच्या पांढऱ्या रेघांमध्ये आपल्या पिवळ्या रेघा, उलटं धावणारं घड्याळ आणि गोलामागे बँडचा सराव. तो मार्ग नव्हे."

सगळ्यांत मोठ्यानं मी हसलो. मग त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की इंडियानातल्या एका कॉलेजच्या प्रशिक्षिकेनं विलाबद्दल विचारलंय. नाव घेऊन. येताना व्हॅनच्या मागच्या काचेवरचं क्लबचं चिन्ह मी रुमालानं पुसलं. ते स्वच्छच होतं.

१७ जुलै

आज गाडीत विषय काढला. म्हणजे मी काढला. ती सीटवर पाय घेऊन निळं सरबत ओढत होती. येताना निम्म्या वाटेवरच्या पंपावर थांबायचं हा नियम आहे. तिला ते निळं सरबत, मला अंड्याचं सँडविच. गल्ल्यावर डॉटी असते. सँडविच देताना ती दरवेळी म्हणते, "तुमच्या जबाबदारीवर हं."

"सही कधी करायची?" मी विचारलं.

"शाळेची टीम बघितलीस तू कधी?"

"लांबून. अपघात बघतात तशी."

"बाबा!"

"अगं, तू पेनल्टी अडवणारी मुलगी. ती तुझी मारिसोल तर बॉल निघायच्या आधीच आडवी होते. मिरवणुकीत बरी बसली होती, म्हणजे बसता येतं तिला."

"तिला कोणी शिकवलंच नाहीये. ती डोळे बघते. डोळे खोटं बोलतात. टेकलेलं पाऊल बघायचं. ते जिकडे वळेल तिकडेच बॉल जाणार. तोवर थांबायचं."

हे थांबणं मला तीन वर्षांत पाठ झालंय. पोरगी डॅशबोर्डवर दोन बोटांची माणसं नाचवून मला पेनल्टी समजावत असते. माझं पाऊल मात्र ॲक्सिलरेटरवर.

"मिसेस व्हॉसना मी पाहुणी वाटले," ती अचानक म्हणाली.

"त्यांना हल्ली त्यांचा नवराही पाहुणा वाटतो."

ती हसली नाही. सरबताची नळी चावत म्हणाली, "शाळा या वर्षी मोसमाअखेरच्या स्पर्धेतली एक फेरी जिंकली तर?"

"तर हे हातमोजे मी माझ्या हातानं धुईन. साबण लावून."

"नक्की?"

"विम्याच्या माणसाचा शब्द आहे."

"म्हणजे बारीक अक्षरात काहीतरी असणार," ती म्हणाली. पण तळहातावर तळहात आपटून पैज लावली.

३१ जुलै

काय लिहू?

सरावाला निघताना तिनं पिशवी घेतली नाही. व्हॅनमध्ये बसली आणि म्हणाली, "बाबा, गाडी सुरू करू नको. फोन करायचाय." माझ्यासमोरच डेस्मंडना फोन लावला. "सर, जागेबद्दल आभार. मी सही करणार नाही. शाळेकडून खेळणार आहे... नाही सर, घरून दबाव नाही. घरचे तर आता गाडीतच बसलेत, त्यांचा रंग बघायला हवा होता तुम्ही."

फोन ठेवल्यावर मी म्हटलं, "इंडियाना?"

"माहीत आहे."

"तीन वर्षं!"

"माहीत आहे, बाबा."

"अगं, तोंडाशी आलेला घास..."

"मी तीन वर्षं या गाडीत मोठी झाले. माझ्या वर्गातल्या अर्ध्या मुलींना माझं आडनाव माहीत नाही. मला एक वर्ष माझ्या गावाकडून खेळायचंय. एवढंच."

एवढंच! मी घरात गेलो. कोलेट भाजी चिरत होती. तिला म्हटलं, "तुला माहीत होतं?"

"चार जुलैपासून."

"मग बोलली का नाहीस?"

"मला वाटलं तू होतास तिथे."

या बाईचं बोलणं कधी कधी सरळ नसतं. माझी हरकत वाया गेलेल्या श्रमांना आहे, याची इथे नोंद करून ठेवतो. दुसरी कसलीही नाही. आठवड्यातले साडेसात तास आता मला मोकळे मिळतील. चांगलंच आहे. गॅरेज लावून होईल.

१४ ऑगस्ट

आगीतून फुफाट्यात.

शाळेच्या कोच मिसेस ब्रँट भूमिती शिकवतात. शिट्टी गळ्यात आणि कंपास खिशात. त्यांनी विलाला सांगितलं, "गोलमध्ये मारिसोल आहे. तीन वर्षं तिनं एकटीनं मार खाल्लाय, शेवटच्या वर्षी मी तिला बाकावर बसवणार नाही. तुला कुठे खेळायचंय?" आणि माझ्या मुलीनं, जिच्यासाठी इंडियाना नाव घेऊन विचारत होतं, सांगितलं, "कुठेही."

डावा बचाव! डावीकडे, मागे! म्हणजे सर्जन बाईला इस्पितळात नेऊन गादीची चादर बदलायला लावायची.

"तू भांडली का नाहीस?" मी विचारलं.

"कोणाशी? मारिसोलशी? तिची जागा आहे ती."

राग मात्र आतून धुमसत असणार. संध्याकाळी खिडकीतून बघितलं, तर मारिसोलला आमच्या गॅरेजच्या दारापुढे उभं करून विला तिच्यावर एकामागून एक बॉल हाणत होती. मधे मधे ओरडतही होती, "आत्ता नाही! आत्ता नाही! हां, आता!" मारिसोल बिचारी पडत होती, उठत होती. तिच्या हातात विलाचे हातमोजे होते. स्वतःचे फाटलेत म्हणे. मी कोलेटला म्हटलं, "बघ, कसा सूड उगवतेय." कोलेटनं माझ्याकडे असं बघितलं, जसं ती मोडलेल्या हाडाच्या फोटोकडे बघते.

दाराला सात-आठ पोचे आलेत. दुसऱ्या कोणाचा दावा असता तर मी फेटाळला असता.

४ सप्टेंबर

घरच्या मैदानावर पहिला सामना. प्रतिस्पर्धी हार्लन रिज. त्यांच्या शाळेत पोहण्याचा तलाव आहे आणि त्यांच्या पालकांच्या खुर्च्यांना छत्र्या आहेत.

मी लोखंडी पायऱ्यांवर वरच्या कोपऱ्यात बसलो. शेजारी लेटी किन्तेरो, मारिसोलची आई. ती शाळेची बस चालवते. आवाज इंजिनावर मात करून कमावलेला.

"या या, हॉस्टेटलर साहेब! वाट चुकलात का? कोलंबस तिकडे आहे."

"माझी मुलगी खेळतेय, लेटी."

"माझीही. पण मी तीन वर्षं येतेय. शेंगदाणे घ्या."

सामना बरोबरीत चालला होता. उत्तरार्धात हार्लन रिजच्या मुलीनं कोपऱ्यातून उंच बॉल टाकला. मारिसोल ओरडली, "माझा!" आणि गोलसमोरच्या गर्दीतून दोन हात वर आले. सगळ्यांच्या वर. बॉल अलगद त्या हातांत बसला, छातीशी आला, आणि ती मुलगी बॉलभोवती अंग गुंडाळून गवतावर पडली. क्लबमध्ये शिकवतात तशी. अगदी चित्रासारखी.

ती मारिसोल नव्हती.

विला उठली, बॉल कोणाकडे फेकावा म्हणून शांतपणे डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. मैदानावर कोणी हलेना. रेफरी शिट्टी वाजवायचं विसरला. मागे बँडमधला भोंगेवालाही मधेच थांबला. मग विलानं आपल्या उघड्या हातांकडे बघितलं.

"अरे देवा," मी म्हटलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

"झेल मात्र झकास हं," लेटी शेंगदाणा फोडत म्हणाली.

पिवळं कार्ड. पेनल्टी. मारिसोल थांबली, बरोबर बाजूला झेपावली, बोटं लागली, पण गोल झालाच. शून्य-एकनं हरलो. सगळं मैदान खिदळत होतं. मी कार्यक्रमाचा कागद तोंडावर धरून व्हॅनपर्यंत गेलो. हार्लन रिजचा एक गृहस्थ बायकोला सांगत होता, "ही म्हणे क्लबची!"

गाडीत मला सांत्वनाची दोन वाक्यं तयार ठेवावी लागली. मैदान ते घर अंतर एवढं कमी, की दुसरं वाक्य अंगणात बोलावं लागलं असतं. पण गरजच पडली नाही. विला हसत होती. पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"बाबा! रेफरीचं तोंड बघितलंस? आणि मारिसोल मला काय म्हणाली माहीतेय? 'माझा म्हटलं होतं गं मी!'"

मला यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. कोलेट म्हणाली, "वर्षभरात पहिल्यांदा हसली." काहीतरीच. गाडीत हसायची की ती.

९ सप्टेंबर

गावाला विषय मिळाला. वाणसामानाच्या दुकानात पिशव्या भरणारा पोरगा म्हणाला, "झेलवालीचे बाबा ना तुम्ही?" न्हाव्यानं विचारलं, "घरी ताटं तरी नीट पकडते का?" ग्रंथालयात मिसेस व्हॉस टाळ्या वाजवत विलाकडे धावल्या म्हणे, "अगं, ती तू! हॉस्टेटलरांची विला!" आणि तिला उशिराचा दंड माफ केला. या बाईनं आजवर कोणालाही दंड माफ केलेला नाही. धर्मगुरूंनाही.

आज दुसरा सामना. मी मान खाली घालून पायऱ्या चढलो आणि वर बघितलं, तर विद्यार्थ्यांच्या बाजूला शंभरेक पोरं आणि प्रत्येकाच्या हातात स्वयंपाकघरातला जाड हातमोजा. ओव्हनमधून गरम भांडं काढायचा तो. फुलाफुलांचे, चौकटीचे, एकावर सांताक्लॉज. अख्ख्या एल्डन मिल्समध्ये आज कोणाला गरम भांडं उतरवता आलं नसेल. विलाच्या पायाला बॉल लागला, की शंभर हातमोजे वर जाऊन आरोळी उठायची, "हात नको!"

तिनं एकदा मागे वळून दोन्ही हात पाठीशी बांधून दाखवले. सगळं मैदान हसून लोळलं.

आम्ही दोन-शून्यनं जिंकलो. लेटीनं मला एक हातमोजा आणला होता, कोंबडीचं चित्र असलेला. मी घातला नाही. मांडीवर ठेवला.

मंगळवार, २३ सप्टेंबर

छपराच्या पाहणीसाठी कोलंबसच्या रस्त्यानं जावं लागलं. म्हणजे छप्पर उत्तरेला होतं, पण हा रस्ता बरा. पंपावर थांबलो. सँडविच घेतलं.

"पोरगी कुठेय?" डॉटीनं विचारलं.

"शाळेकडून खेळते आता. गावातच."

"बरंय की. तुमची दगदग वाचली."

"हो ना. सुटलो."

"निळं सरबत देऊ?" सवयीनं तिनं पेला भरायलाही घेतला होता. भरलेलं परत कसं करायचं, म्हणून घेतलं. ते भयंकर असतं. संपवलं.

व्हॅनमध्ये आता कसलाच वास येत नाही. हातमोजे मारिसोलच्या पिशवीत असतात. आरशाला सुवासिक झाड टांगलंय. त्यानं डोकं दुखतं.

७ ऑक्टोबर

इंडियानाहून निरोप आला. सभ्य, छोटा. त्यांनी गोलकीपर निवडली आहे, डेस्मंडच्याच क्लबची. विलाला शुभेच्छा.

जेवणानंतर दिसली नाही. बाहेर बघितलं, तर अंगणात उभ्या व्हॅनमध्ये, आपल्या जागेवर, पाय वर घेऊन बसलेली. मी जाऊन माझ्या जागेवर बसलो.

"कुठे जायचं?" मी विचारलं.

"कुठेच नाही."

मग आम्ही कुठेच न जाता बसलो. ती रडली, मोठ्यानं नाही. 'मी सांगितलं होतं' हे वाक्य माझ्या जिभेवर बसलं होतं. मी ते गिळलं. त्या अंड्याच्या सँडविचपेक्षाही वाईट लागलं.

"मला वाईट वाटतंय," ती म्हणाली, "पण चुकलं असं नाही वाटत. दोन्ही एकदम असू शकतं का, बाबा?"

"विम्यात नाही," मी म्हटलं. "बाकी ठिकाणी असत असावं."

तिनं सुवासिक झाड काढून मागे फेकलं. "काय हे! आजारी पडशील."

९ ऑक्टोबर

शेवटच्या वर्षाच्या मुलींचा सन्मान. प्रथा अशी, की मुलगी आईवडिलांच्या मधे मैदान ओलांडते, आईला गुलाब देते, आणि निवेदक तिची माहिती वाचतो. निवेदक म्हणजे हेल्मेटवाल्यांचे जुने कोच. त्यांना सॉकर हे सर्दीवरच्या औषधाचं नाव वाटतं. त्यांनी चष्मा लावून वाचलं, "विला हॉस्टेटलर. डावा बचाव..." मग कागद खाली ठेवला आणि म्हणाले, "आणि एकदा, गोलकीपर!"

हातमोजे वर. आरोळी. विला वाकून सलाम करतेय. आणि मी, ज्यानं त्या दिवशी तोंडावर कागद धरला होता, तिचा दंड धरून पन्नास यार्ड चाललो. लोक नावानं हाक मारत होते. तिला. ती कोणाची मुलगी हे सांगावं लागत नव्हतं, उलट मी कोणाचा बाप हे सगळ्यांना ठाऊक होतं.

डोळ्यांत मक्याच्या कापणीची धूळ गेली. कोलेट म्हणते वारा उलट्या दिशेनं होता.

२१ ऑक्टोबर

स्पर्धेची पहिली फेरी. पुन्हा हार्लन रिज, त्यांच्याच मैदानावर. लेटीच्या बसमागून अर्धं गाव मोटारींची रांग करून गेलं. तिकडच्या छत्र्यांसमोर आमचे हातमोजे.

एक-एक. जादा वेळ. तरीही एक-एक. म्हणजे पेनल्टी.

मला मात्र मनातून आनंदच झाला. कारण मैदानावरची कोणीही खेळाडू गोलकीपरशी जागा बदलू शकते, हे मला ठाऊक होतं. मिसेस ब्रँटनाही ठाऊक होतं. त्या विलाकडे गेल्या, खांद्यावर हात ठेवून काही बोलल्या, गोलकडे बोट केलं. आली! आली वेळ! मी उभा राहिलो. तीन वर्षांचं पेट्रोल आता पेटणार!

विलानं मान हलवली. नाही. मग ती मारिसोलपाशी गेली, तिच्या मनगटावरचे हातमोज्यांचे पट्टे घट्ट केले, कपाळाला कपाळ टेकवलं, आणि मधल्या रेषेवर जाऊन बाकीच्या मुलींच्या गळ्यात हात टाकून उभी राहिली.

"काय करतेय ही!" मी ओरडलो.

"खाली बसा हो," लेटी म्हणाली. तिचा आवाज बसला होता. तिनं माझ्या हातातला कोंबडीचा हातमोजा ओढून घेतला आणि दातांत धरला.

हार्लन रिजच्या मुलींनी मारलं, आमच्यांनी मारलं. विलानंही मारला, जमिनीसरपट, कोपऱ्यात. पायानं! मग त्यांची शेवटची मुलगी आली. हिचा चुकला तर आम्ही जिंकणार. ती धावली. डोळे डावीकडे. मारिसोल हलली नाही. अजून हलली नाही. मला आमचं गॅरेजचं दार दिसलं, तो आवाज ऐकू आला, "आत्ता नाही, आत्ता नाही." आणि मी इतका मूर्ख, की त्या क्षणी मला कळलं, ऑगस्टमध्ये खिडकीतून मी काय बघत होतो. मुलीचं टेकलेलं पाऊल उजवीकडे वळलं. "आता!" मी ओरडलो. लेटी ओरडली. मधल्या रेषेवरून विला ओरडली.

मारिसोल झेपावली. दोन्ही हातांनी. तो आवाज, रबरावर चामडं आपटल्याचा, मी जगात कुठेही ओळखेन.

त्यानंतर काय झालं ते नीटसं आठवत नाही. मी लेटीला मिठी मारली. रेफरीलाही मारली. आता शाळेच्या मैदानावरही बंदी येईल बहुतेक.

परतताना विला बसमधून न येता माझ्याबरोबर आली. त्यासाठी मिसेस ब्रँटची परवानगी काढली होती. पाऊण तासाचा रस्ता. तिनं पाय वर घेतले.

"त्यांनी तुला जा म्हटलं होतं ना?"

"हो."

"मग?"

"हातमोजे तिच्या हातात होते ना, बाबा."

त्या आडवळणी रस्त्यानंही एक पंप लागतो. थांबलो. त्यांच्याकडे निळं सरबत नव्हतं, लाल होतं. तिनं ते घेतलं. पैजेबद्दल ती एक शब्द बोलली नाही. मीही नाही.

२५ ऑक्टोबर

दुसऱ्या फेरीत हरलो. तीन-शून्य. बारीक अक्षर वगैरे काही नाही, सरळ हरलो. शेवटची शिट्टी झाल्यावर हातमोजेवाली पोरं उभी राहिली आणि बराच वेळ बसली नाहीत. जाड कापडाच्या टाळ्यांचा आवाज येत नाही. नुसते शंभर हात हलत होते.

मारिसोल हातमोजे परत द्यायला व्हॅनपाशी आली. दोघी कितीतरी वेळ बोलत उभ्या होत्या. मग मारिसोल माझ्या खिडकीशी वाकली.

"मिस्टर हॉस्टेटलर, तुमच्या गॅरेजच्या दाराबद्दल सॉरी."

"कसल्या दाराबद्दल?" मी म्हटलं.

२६ ऑक्टोबर, रविवार

सकाळी कोलेट आणि विला चर्चला गेल्या. मी तब्येतीचं कारण सांगितलं.

हातमोजे व्हॅनच्या आरशाला टांगलेले होते, जिथे असायचे तिथेच. दार उघडल्याबरोबर वास अंगावर आला. आता त्यात दोन मुलींचा हंगाम होता, म्हणजे पहिल्यापेक्षा दुप्पट. थोडा वेळ मी माझ्या जागेवर बसलो. दार लावून घेतलं होतं.

मग ते तळघरात नेले. कोमट पाणी, थोडा साबण. पिळायचे नसतात, तळव्यानं दाबायचे असतात. पहिल्या पाण्याला तीन मैदानांची माती निघाली. दुसऱ्या पाण्याला पिवळा रंग, पेनल्टीच्या रेघेचा. तिसरं पाणी स्वच्छ निघेपर्यंत दाबत राहिलो. खिडकीच्या सावलीच्या बाजूला दोरी बांधली आणि खिडकी बोटभर उघडी ठेवली, वारा लागावा म्हणून.

वर येऊन हात हुंगले. वास गेला नव्हता. परत धुतले नाहीत.